दोन टाक्यांमधली जागा

दूध टाकणारं बाळ घेऊन आई आली की मी आधी वजनाचा तक्ता मागतो. वजन चढत असेल, बाळ हसतंखेळतं असेल, तर घरातल्या आजीचं म्हणणं बहुधा खरं ठरतं: बसायला लागलं की थांबेल. ओकी हिरवी असेल तर मात्र क्षणही दवडायचा नाही. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, आणि ते दुखणंच निराळं.

हायेटस हर्निया असा ठळक इशारा देत नाही. श्वासपटलातल्या ज्या फटीतून अन्ननलिका पोटात उतरते, ती सैल राहते आणि जठर छातीत सरकतं. वजन अडतं, ओकीत तपकिरी रक्त दिसतं, बाळ फिकं पडतं, छाती वारंवार भरते. काही बाळं दूध प्यायल्यावर मान वाकडी करून पाठीची कमान करतात आणि ती आकडी समजली जाते.

छातीच्या एक्स-रेत हृदयामागे हवा दिसली की शंका येते; खात्री होते कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रव, पाजून काढलेल्या चित्रांत. इथे घाई नडते. सरकणारा हर्निया एका चित्रात दिसत नाही आणि बाळ रडलं की वर येतो. म्हणून मी स्वतः रेडिओलॉजिस्टशेजारी उभा राहतो.

लहान, सरकणारा हर्निया असेल तर हात आवरावा. बेलफास्टच्या डॉ. कॅरे यांनी १९५९ साली दाखवून दिलं की शस्त्रक्रियेविना बरीच मुलं वाढत्या वयात सुधारतात. पण जठर अन्ननलिकेच्या बाजूने वर चढलं असेल तर थांबणं धोक्याचं. त्याला पीळ पडून रक्तपुरवठा तुटू शकतो.

शस्त्रक्रियेत जठर खाली ओढायचं, हर्नियाची पिशवी सोडवायची, व्हेगस नस जपायची आणि फट टाक्यांनी अरुंद करायची. बहुतेकदा जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली मांडलेली ही रीत. खरा कस लागतो तो शेवटच्या टाक्याला. घट्ट झालं तर दूध उतरत नाही, ढेकर अडते, पोट फुगतं. सैल राहिलं तर जठर पुन्हा वर. अन्ननलिकेत नळी ठेवून अंदाज घेतो, तरी निर्णय बोटांचाच असतो आणि तो शिकायला वर्षं लागतात.

घरी सोडताना आईला बजावतो: दूध थोडंथोडं पाजा. पोट फुगून बाळ नुसतं उबळत असेल तर रात्र असली तरी या. ओकी परतली तर पुन्हा कॉन्ट्रास्ट काढू.