फाटला, तुटला की चढला?

सांगली,
रविवार, रात्री

ती. ताईस,


तुझा फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कॉम्प्युटरचा आवाज खराब येतोय, एवढंच सांगितलं तिनं. खराब म्हणजे काय? ड्रायव्हर येऊन नुसतं 'गाडी खराब आहे' म्हणाला, तर मेकॅनिकनं उघडायचं काय?"

३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलेला माणूस. बॉनेट उचलण्याआधी इंजिन खडखडतंय, धापा टाकतंय की शिटी मारतंय, हे ते ड्रायव्हरकडून वदवून घ्यायचे. निम्मा बिघाड त्या एका शब्दातच सापडतो, असा त्यांचा हिशेब. गेले दोन आठवडे घरच्या लॅपटॉपवर त्यांनी हाच हिशेब चालवला. ती सगळी हकीगत तुला कळव, असा हुकूम झाला आहे.

सुरुवात आजीच्या कॅसेटपासून झाली. १९८७च्या दिवाळीत अण्णांनी तिच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या, तीच. कॅसेटची फाइल करून देणाऱ्या दुकानदाराच्या टेपरेकॉर्डरवर भरवसा नाही म्हणून अण्णा आपलाच टेपरेकॉर्डर पिशवीत घालून घेऊन गेले आणि फाइल पेनड्राइव्हवर आणली. घरी लावली, तर आजी ओळखूच येईना. आवाज फाटलेला, मधूनमधून तुटलेला, खाली एक अखंड घूंऽऽ, आणि वर कुणी सतरा-अठरा वर्षांची मुलगी दळत बसल्यासारखा सूर. आई म्हणाली, साउंड कार्ड गेलं असेल, बदलून टाका.

अण्णांनी आधी डेपोतली युक्ती केली: अदलाबदल. तीच फाइल मोबाइलवर लावली, लॅपटॉपवर दुसरी गाणी लावली, स्पीकर काढून हेडफोन लावला. निकाल मजेशीर लागला. फाटणं, तुटणं आणि घूंऽऽ मोबाइलवर नव्हतं, म्हणजे ती दुखणी लॅपटॉपची. चढलेला सूर मात्र मोबाइलवरही तसाच, म्हणजे ते दुखणं फाइलीचं. चार तक्रारी, आणि सगळ्यांचं घर एक नाही. मग त्यांनी वहीत चार कॉलम आखले आणि एका दिवशी एकाच गोष्टीला हात लावायचा, असं ठरवलं.

कार्ड बदला म्हणणं सोपं, पण तुझ्या-माझ्या लॅपटॉपात बदलायला कार्ड असतंच कुठे? सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं १९८९मध्ये साउंड ब्लास्टर बाजारात आणलं, तेव्हा ती खरोखर खाचेत बसवायची पाटी होती. त्या काळी कार्ड आणि प्रिंटर या दोघांनाही कॉम्प्युटरला हाक मारायला सात हाच नंबर मिळाला की भांडण ठरलेलं; आवाज अडकायचा, एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा. १९९७मध्ये इंटेलनं एसी ९७ नावाचं मानक काढलं आणि हळूहळू आवाजाचं सगळं काम मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपकडे गेलं. काम तेच राहिलं. फाइलीतले आकडे घ्यायचे, त्यांचा वीजदाब करायचा आणि तो स्पीकरकडे धाडायचा. सीडीच्या मापानं एका सेकंदात असे ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकड्याला ६५,५३६ पायऱ्या.

पहिला कॉलम, फाटलेला. सर्वांत वरच्या पायरीच्या वर पायरीच नसते. तिच्यापलीकडे आवाज रेटला की लाटेचा माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट होतो, आणि कानाला ते फाटल्यासारखं लागतं. आमच्याकडे गुन्हेगार घरातलाच निघाला. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून आईनं प्लेअरचा आवाज १२५ टक्क्यांवर नेऊन ठेवला होता, आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स'ही चालू होती. शंभराच्या वरचा आवाज म्हणजे नुसता गुणाकार. आकडे फुगतात, पायऱ्या तेवढ्याच राहतात. एन्हान्समेंट्स बंद केली, प्लेअर ८० टक्क्यांवर आणला, स्पीकरचं बटण वाढवलं. ओव्या तेवढ्याच मोठ्यानं ऐकू येऊ लागल्या, पण फाटणं गेलं. फक्त एका ओवीनंतर आजी खळखळून हसते, तिथे अजून फाटतं, आणि मोबाइलवरही फाटतंच. ते १९८७मध्ये टेपवरच फाटलेलं आहे. करपलेल्या दुधात कितीही साखर घातली तरी वास राहतोच.

आवाज हळू करूनही फरक पडला नसता आणि हेडफोनवर मात्र स्वच्छ आला असता, तर स्पीकरचा कागद फाटलाय असं समजायचं होतं.

दुसरा कॉलम, तुटलेला. याचा टकटक, चरचर असा आवाज, आणि वाय-फाय चालू असताना जास्त. इथे अण्णांना आपल्या वाड्यातली पाण्याची टाकी आठवली. प्रोसेसर टाकी भरतो, साउंडची चिप खालून अखंड पाणी घेते. सेकंदाला ४८,००० आकडे लागत असतील आणि टाकीत ४८० मावत असतील, तर ती १० मिलिसेकंदांत रिकामी होते. तेवढ्यात दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरनं, म्हणजे लॅपटॉपचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामनं, प्रोसेसरला अडवून धरलं की नळाला नुसती हवा येते. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम कुणी किती वेळ अडवलं ते दाखवतो. आमच्याकडे वाय-फायचा ड्रायव्हर यादीत वर होता. वाय-फाय बंद करताच आवाज सलग झाला, तेव्हा संशय पक्का. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकला, बॅटरी वाचवायचा मोड काढला. टकटक संपली. "ड्रायव्हरच अडवतो, हे मला कुणी सांगायला नको," एवढंच अण्णा बोलले.

तिसरा कॉलम, घूंऽऽ. चार्जर काढला की जाई, लावला की येई. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. लॅपटॉप आणि स्पीकर वेगवेगळ्या बोर्डांवर असले की अर्थिंगच्या दोन वाटांचा मिळून एक फेरा तयार होतो, आणि तो हेलकावा आवाजाच्या वायरीत उतरतो. दोघांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावले आणि घूंऽऽ थांबलं. शेजारच्या मुलानं चार्जरची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला दिला होता. अण्णांनी त्याला गॅलरीत नेऊन समजावलं की ती पिन जीव वाचवायला असते, गाणी ऐकायला नसते.

त्याच मुलानं मग स्वतःची तक्रार मांडली: त्याच्या कॉम्प्युटरवर गाणी वाजतात, पण गायक गायब! फक्त वाद्यं, तीही पोकळ, लांबून आल्यासारखी. अण्णांनी हेडफोनची पिन जरा आत ढकलली, खट् झालं आणि गायक परतला. पिन पुरती बसली नाही की डाव्या-उजव्या कानांची सामाईक परतीची वायर टेकत नाही, आणि कानांत पडते ती दोन्ही बाजूंची वजाबाकी. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, तो वजा होऊन जातो. आजीची कॅसेट तर मोनो. ती जवळजवळ मुकीच झाली असती.

राहिला चौथा कॉलम, चढलेला. यासाठी अण्णांनी माळ्यावरची बाजाची पेटी काढली. टेपरेकॉर्डरवर आजी काळी चारमध्ये गात होती. फाइलीत तिचा सा पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधे कुठेतरी, कुठल्याच पट्टीवर नाही. मग त्यांनी घड्याळ लावलं. टेपवर कॅसेटची ती बाजू २९ मिनिटं ३६ सेकंद चालते, लॅपटॉपवर २७ मिनिटं १२ सेकंदांत आटपते. त्यांनी भागाकार केला: १.०८८. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल असता तर सूर डळमळला असता. हा तर एकसारखा चढलेला. रात्री जेवताना ते एकदम थांबले आणि वही मागितली. ४८,००० भागिले ४४,१००. तोच आकडा!

सीडीचं माप ४४,१००, व्हिडिओच्या कामातलं ४८,०००. आजीचा आवाज पहिल्या मापानं भरला होता आणि फाइलीच्या माथ्यावर दुसरं माप लिहिलं गेलं होतं. प्लेअरनं माथ्यावरचं वाचलं आणि चिपनं इमानानं तेवढ्या वेगानं वाजवलं. ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम घेऊन त्यात ट्रॅकच्या मेनूतला 'रेट' ४४,१०० केला. आवाजातला एक आकडासुद्धा बदलला नाही, फक्त माथ्यावरची चूक दुरुस्त झाली. पुन्हा लावलं, तर आजी. काळी चार. आई पोळी लाटता लाटता बाहेर येऊन उभी राहिली. जात्याची घरघर तिनं आधी ओळखली, मग आवाज.

आता तुझं. तू ऑनलाइन क्लास घेतेस आणि कानात ब्लूटूथचे इअरफोन असतात, यावरून अण्णांचा एक अंदाज आहे. माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याची वाट सोडून फोनची वाट धरतो. सेकंदाला सहसा ८,००० किंवा १६,००० आकडेच जातात, दोन्ही कानांत एकच आवाज, आणि सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. तसं असेल तर काहीच बिघडलेलं नाही. साउंड सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवड, इअरफोन फक्त ऐकायला ठेव.

पण हा नुसता अंदाज. वायरचा हेडफोन लावून एक ओळखीचं गाणं ऐक, आणि फाटलेला, तुटलेला, घूं करणारा, पोकळ, चढलेला की डब्यातला, यांतला एक शब्द कळव. अण्णांनी वहीत पाचवा कॉलम आखून तुझ्या नावानं रिकामा ठेवला आहे. आजीची फाइल सोबत पाठवतो आहे. ती मात्र ८० टक्क्यांवरच ऐक.

तुझा,
धाकटा