शब्दांची शिल्लक

आमच्या ब्रँचमध्ये प्रमोशनच्या मुलाखतींचे वारे वाहू लागले आणि 'कामाला चोख, पण इंग्रजी बेताचं' हा साहेबांचा माझ्याविषयीचा शेरा कानावर आला. बी. कॉम. झालेल्या माणसाला डेबिट-क्रेडिटपुरतं इंग्रजी येतं. पुढची सगळी उधारी. त्याच संध्याकाळी मी नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' विकत आणलं. हे पुस्तक १९४९ साली निघालं. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून ते लोकांना छळत आहे.

लुईससाहेबांची पद्धत मात्र झकास. शब्द मुळासकट उपटून दाखवतात. लॅटिनमध्ये 'लोक्वी' म्हणजे बोलणे. म्हणून बडबड्या तो 'लोक्वेशस', फर्डा वक्ता 'इलोक्वंट' आणि स्वतःशी बोलणं ती 'सॉलिलोक्वी'. 'टॅसेरे' म्हणजे गप्प राहणे. म्हणून अबोल तो 'टॅसिटर्न'.

"या घरात तू लोक्वेशस आणि मी टॅसिटर्न," मी सौ.ला म्हटलं.

"मग टॅसिटर्नपणे दळण घेऊन या," ती म्हणाली.

पण पाठ केलेल्या शब्दांचं खातं विचित्र! रात्री वीस शब्द भरावेत, सकाळी काढायला जावं तर शिल्लक तीन. म्हणून मी ते लगोलग ऑफिसच्या पत्रांत खर्चू लागलो. वारलेल्या यजमानांची ठेव मागणाऱ्या एका आजींना मी लिहिलं, की क्लेम 'एक्स्पीडाइट' व्हायचा तर अर्जातली 'लॅक्यूना' दूर करावी. सही करताना साहेबांनी माझ्याकडे चक्क आदराने पाहिलं!

तीन आठवड्यांनी आजी काउंटरवर आल्या. पत्र घडीवर फाटायला आलं होतं. वाड्यातल्या इंजिनिअरला दाखवून झालं होतं. शेजारच्या वकिलांनी तर "केस गुंतागुंतीची दिसते" म्हणून मान हलवली होती.

"बाळा, ह्यांचे पैसे बुडाले का रे?" आजींचा आवाज कापत होता.

"नाही हो आजी! फॉर्मवर तुमची एक सही राहिलीय, एवढंच."

"अरे, मग 'सही राहिली' एवढंच लिहायचं की!"

लुईससाहेबांच्या अख्ख्या पुस्तकात माझ्यापाशी याला उत्तर नव्हतं. मी मुकाट्याने फॉर्म पुढे केला. आजींनी सही केली. मराठीत, वळणदार.

माझं प्रमोशन झालं का, म्हणता? त्या बाबतीत मी टॅसिटर्न आहे.