बंद फाटक आणि बाजूची वाट

एडिंबरोच्या दक्षिणेला साधारण तीस मैलांवर, ट्वीड नदीजवळ ट्रॅक्वेअर हाउस नावाचा फार जुना वाडा आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तो पाहिला. वाडा छानच आहे, पण मनात राहिले ते त्याचे मोठे फाटक. दोन उंच दगडी खांब आणि प्रत्येकावर ढाल धरलेले दगडी अस्वल! म्हणून नाव ‘बेअर गेट्स’. हे काम १७३८ च्या सुमाराचे.

मुलांनो, असे खांब एवढे जाड का असतात? लोखंडी फाटकाचे वजन वरच्या बिजागरीला खांबातून बाहेर ओढते आणि खालचीला आत ढकलते. बारीक खांब कलेल. माथ्यावर जड दगड असला की खालचे चिरे एकमेकांवर घट्ट दाबून राहतात. म्हणजे अस्वल शोभेचे आहे, तसे कामाचेही!

पण हे फाटक कोणी उघडतच नाही. १७४५ मध्ये स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स आपल्या आजोबांचे गेलेले राज्य परत मिळवायला निघाला होता. तो येथून गेल्यावर वाड्याच्या मालकाने फाटक लावून घेतले आणि स्टुअर्ट राजा गादीवर बसेपर्यंत ते उघडणार नाही असा शब्द दिला, असे सांगतात. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत चार्ल्स हरला आणि १७८८ मध्ये रोममध्ये वारला. फाटक अजून बंदच आहे. गावचे लोक त्याला ‘स्टीकिट येट्स’, म्हणजे ‘बंद फाटके’, म्हणतात.

“राजा येणारच नाही, मग उघडत का नाहीत?” आमच्या मुलाने विचारले.

“दिलेला शब्द आहे,” मी म्हणालो.

“तुम्ही दर वर्षी म्हणता, पुढच्या वर्षी इंडियात परत जाऊ. तसाच का?”

सौ. हसली. मला उत्तर सुचले नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असे एक फाटक असते. ते उघडेल की नाही, कोण जाणे. पण ट्रॅक्वेअरचे लोक फाटकापाशी वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी बाजूने दुसरा रस्ता केला आणि त्या घराण्याचे वंशज आजही तेथे राहतात. फाटकापासून वाड्यापर्यंतच्या जुन्या रस्त्यावर मात्र गवत वाढले आहे.

वापरात नसलेल्या वाटेवर गवत वाढतेच. मराठी ही आपली बाजूची वाट आहे. परत जाणे होवो न होवो, आजीशी फोनवर बोलायला ती आजच लागते. तेव्हा शनिवारी वर्गाला या, आणि गाडीतून घरी जातानाही मराठीतच भांडा!