वेताळाचा पट्टा

पुस्तकाचे परीक्षण पुस्तक ताजे असतानाच करावे, असा संपादकांचा दंडक असतो. बँकेतल्या माणसाला ती घाई नसते. आमच्याकडे काम जुने झाले की ते 'प्रलंबित' होते, आणि प्रलंबित झाले की त्याला एक प्रतिष्ठा येते. म्हणून १९९० साली बंद पडलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे परीक्षण आज चंद्रपुरात बसून करताना मला यत्किंचितही संकोच वाटत नाही. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. वाङ्मयाशी माझा संबंध खतावणीपुरता. शिवाय हे अंक रद्दीवाल्याकडून वजनावर घेतले आहेत. वजनावर घेतलेल्या साहित्याचे परीक्षण जितके निःपक्षपाती होते, तितके भेट आलेल्या प्रतीचे होत नाही.

तर आता एकेक खाते उघडू.

बहादूर : हा आबिद सुरतींनी १९७६ साली निर्माण केलेला देशी वीर. बाप डाकू, मुलगा डाकूंचा कर्दनकाळ. अंगात कुडता, खाली जीन्स. म्हणजे वर खादी भांडार आणि खाली आयात माल. याच्या जमेच्या बाजूला एक गोष्ट ठळक : हा एकटा हिंडत नाही, गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे करतो. दोष इतकाच की दलाच्या बैठकीचे इतिवृत्त माझ्याकडच्या एकाही अंकात नाही. कोरम होता की नाही, कळायला मार्ग नाही.

मँड्रेक : १९३४ पासूनचा अमेरिकन जादूगार. हा नुसता हात हलवतो आणि समोरच्याला भलतेच दिसू लागते. यात नवल ते काय? आमचा रोखपालही हात हलवतो आणि रांगेतल्या पंधरा माणसांना एकदम जेवणाची सुट्टी दिसू लागते. सोबतीला लोथार. हा मूळचा राजपुत्र, पण गादी सोडून जादूगाराच्या मागे फिरतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा व्यवहार पटत नाही.

वेताळ : हा खरा मोठा खातेदार. ली फॉकने १९३६ साली याला जन्म दिला. १९६४ साली टाइम्सवाल्यांनी इंद्रजाल सुरू केले, ते याच्याच जोरावर. आपल्याकडचा वेताळ गावाबाहेर शेंदूर लावून दगडात बसतो; हा डेंकालीच्या जंगलात गळ्यापासून पायापर्यंत घट्ट पोशाख घालून घोडा उधळतो. मे महिन्यात ताडोब्याच्या वाटेवर त्याने तो पोशाख घालून अर्धा तास उभे राहून दाखवावे, मी त्याला बिनशर्त दैवत मानीन.

बँकेच्या दृष्टीने मात्र हा गिऱ्हाईक अवघड. बुरखा काढत नाही, त्यामुळे फोटो नाही. सही म्हणून अंगठीची कवटी उमटवतो. ते एक वेळ चालेल, आमच्या काउंटरवर अंगठे पुष्कळ उमटतात. पण हा मरत नाही! बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि जग समजते की तोच तो. अशा एकवीस पिढ्या झाल्या. आता दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला हा कोणाचा देणार?

इंद्रजालचा पहिलाच अंक याच्या कमरपट्ट्याचा. बापाला मारून चाच्याने पळवलेला पट्टा पोरगा परत आणतो. मधल्या सुट्टीत मी ही कथा आमच्या दफ्तरींना रंगवून सांगत होतो. दफ्तरी एटापल्लीकडचे. १९८२ साली गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला. दफ्तरी मात्र नोकरीपायी आमच्याकडेच आहेत. "शेवटी पट्टा मिळाला," मी म्हणालो.

"कोनत्या सर्वे नंबरचा, सायेब?"

आमच्या भागात पट्टा म्हटला की कमरेचा कोणाला आठवत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचाच आठवतो. मग आम्ही वेताळाचा दावा तपासायला घेतला. आदिवासी नसलेल्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. वेताळाचा मूळपुरुष १५३६ चा. ४६९ वर्षे, कायद्याच्या सव्वासहा पट! पुराव्याला वीस पूर्वजांची थडगी गुहेतच. मी शेरा लिहिणार, 'मंजुरीस हरकत नसावी', इतक्यात दफ्तरी म्हणाले, "त्याच्या आंधी तेथं कोन रायत होतं?"

"बांदर नावाचे ठेंगणे लोक. हा किनाऱ्यावर वाहून आला, तेव्हा त्यांनीच याला वाचवले."

"मंग पट्टा त्याईचा ना, सायेब! हा त पाव्हना."

सव्वीस वर्षांच्या अंकांवर इतके नेमके परीक्षण मी वाचलेले नाही. त्या चित्रांत बांदर लोक ढोल वाजवतात, विषारी बाण घेऊन पहारा करतात, निरोप पोचवतात. सिंहासनावर मात्र पाहुणा.

याच अरण्यातला एक अंक अजून कोणी काढलेला नाही. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि त्याचे पुस्तक वनखात्याच्या हाती. तेही २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेकडे सोपवले. आता यावर कॉमिक्स काढायचे कसे? घोडा नाही, बुरखा नाही, ठोसा नाही. गावाचा निर्णय सर्वांच्या संमतीने. एकाचे जरी पटले नाही तरी पुन्हा बसायचे. म्हणजे बत्तीसच्या बत्तीस पानांवर माणसे बसलेली आणि बोलत असलेली. खलनायक म्हणून दाखवायला जास्तीत जास्त एक फाईल.

परीक्षक म्हणून माझा अभिप्राय : कथानक संथ, चित्रे एकसारखी, अंक संग्राह्य.

दफ्तरींच्या गावचा दावा अजून वरच्या कचेरीत आहे. त्याची पोचपावती ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवतात. परवा त्यांनी ती माझ्याकडे दिली आणि तारीख नीट वाचता येते का ते पाहायला सांगितले. शाई फिकी झाली आहे, पण तारीख वाचता येते. मी तिची झेरॉक्स काढून दिली. पुढील भाग क्रमशः.