उसनी रात्र

‘रात्रीचा दिवस करणें’ हा वाक्प्रचार आपण किती सहजपणें वापरतों! परीक्षा जवळ आली, घरांत कार्य निघालें, कीं रात्रीचा दिवस झालाच म्हणून समजावें. या बोलण्यांत रात्रीची किंमत अशी कांहीं धरलेलीच नसते. दिवस अपुरा पडला कीं तिच्यांतून हवा तेवढा तुकडा कापून घ्यावा, एवढीच तिची प्रतिष्ठा. माझी नात अपेक्षित वेळेच्या दहा आठवडे आधीं जन्मास आली, आणि रात्र हीहि मुलास द्यावी लागते, हें आमच्या घरास प्रथमच कळून आलें.

पहिले सात आठवडे ती रुग्णालयांतील कांचेच्या पेटींत होती. तेथें रात्र व्हावयाची ती केवळ घड्याळांत. दिवे चालू, यंत्रांचे बारीक आवाज चालू, दर दोनतीन तासांनीं दूध, मधूनच सुई. जीव राखावयाचा तर हें सारें अवश्यच होतें. त्याबद्दल तक्रार करण्याचा कृतघ्नपणा माझ्या हातून होणार नाहीं. परंतु घरीं आल्यावर बाईसाहेबांनीं दिवसां निजावें व रात्रीं डोळे टक्क उघडून छताकडे पाहावें, असा क्रम सुरू झाला. शेजारच्या काकूंनीं जायफळ उगाळून चाटविण्यास सांगितलें; एका सुशिक्षित स्नेह्यांनीं झोंपेचे थेंब विकत मिळतात अशी माहिती पुरविली. डॉक्टरांनीं दोहोंसहि साफ नकार दिला. प्रत्येक उपदेश मायेनेंच केलेला होता. पण माझ्या मुलीला त्या साऱ्यांतून एकच वाक्य ऐकूं येई: ‘तूं नऊ महिने पुरे केले नाहींस.’ तिच्या जागरणांपेक्षां या वाक्याचीच मला अधिक भीति वाटे.

तें कसें खोडून काढावें या विवंचनेंत मी या विषयावर मिळेल तें वाचूं लागलों. मेंदूच्या मध्यभागीं वाटाण्याहून लहान अशी एक ग्रंथि आहे. देकार्त या तत्त्वज्ञानें तिला आत्म्याचें आसन मानलें होतें. १९५८ सालीं येल विद्यापीठांतील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनीं गुरांच्या याच ग्रंथींतून एक द्रव्य वेगळें काढलें व त्याला मेलॅटोनिन हें नांव दिलें. अंधार पडला कीं हें द्रव्य रक्तांत वाढतें, उजाडलें कीं ओसरतें. ‘रात्र झाली’ अशी दवंडी तें शरीरभर पिटतें. गर्भाला ही दवंडी स्वतः पिटतां येत नाहीं. आईचें मेलॅटोनिन वारेंतून त्याच्याकडे पोंचतें. म्हणजे पोटांतल्या बाळाची रात्र ही आईकडून उसनी घेतलेली रात्र असते.

पूर्ण दिवसांचें मूलहि जन्मतांच स्वतःची रात्र घडवूं शकत नाहीं. त्याला सुमारें नऊ ते बारा आठवडे लागतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची तर उसनवारीच अवेळीं तुटते. १९९२ सालीं ऑस्ट्रेलियांतील केनवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, अपेक्षित जन्मदिवसापासून मोजलें तरीहि अशा मुलांत हा ताल दोनतीन आठवडे मागाहूनच उमटतो. मीं कागदावर हिशेब मांडून मुलीपुढें ठेवला: आधींचे दहा, पुढचे बारा, आणि वर तीन, एकूण पंचवीस. नात तेव्हां अवघी तेरा आठवड्यांची होती. ती हट्टी नव्हती, कीं तिच्यांत कांहीं बिघाडहि नव्हता; तिची वेळच अजून आली नव्हती.

तोंवर रात्र उसनी द्यावयाची ती घरानें. १९८६ सालीं इंग्लंडमध्यें अपुऱ्या दिवसांच्या ४१ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतील कांहींच्या खोलींत सायंकाळीं सातपासून सकाळीं सातपर्यंत उजेड व आवाज कमी ठेवला. रुग्णालयांत असतांना म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. घरीं गेल्यावर मात्र तीं मुलें इतरांहून अधिक झोंपूं लागलीं व त्यांचें वजनहि अधिक भरलें. दिलेली रात्र लागलीच दिसत नाहीं, पण ती अंगीं लागते. आणखी एक गोष्ट वाचनांत आली. आईच्या दुधांत मेलॅटोनिन उतरतें तें रात्रीं. दिवसाच्या दुधांत तें जवळजवळ नसतेंच. वारेचा मार्ग बंद झाला तरी आईनें देणें थांबविलेलें नसतें. हें मीं वाचून दाखविलें तेव्हां मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे बाबा, मी तिला अजून देतेंच आहें.”

त्या दिवसापासून सायंकाळीं सात वाजले कीं आमच्याकडे दिवे मंद होऊं लागले. माझा खणखणीत आवाजहि खालीं आला. सकाळीं पाळणा खिडकीशीं जाई. पंचविसाव्या आठवड्यांत कांहीं चमत्कार झाला नाहीं. नातीला एकदम सलग झोंप लागली असेंहि नाहीं. रात्रीं ती थोडीथोडी अधिक निजूं लागली, एवढेंच. मुलीनें मात्र त्यापूर्वींच आठवडे मोजण्याचें सोडून दिलें होतें. रात्रीं दोन वाजतां पदराखालीं लेकीला घेऊन ती अंधारांत बसे, तेव्हां तिच्या चेहऱ्यावर पूर्वींची अपराधी छटा नसे. कुणाचें देणें चुकतें करणाऱ्या माणसाची ओढाताणहि तेथें नव्हती. आपल्याजवळ भरपूर असलेली वस्तु वाटून देणाऱ्या गृहिणीचें समाधान मात्र दिसे.