ओढणे आणि आवरणे

सुरत हे शहर ओझ्यांचे आहे. येथे येणारा प्रवासी हिऱ्यांचा, जरीचा किंवा घारीचा उल्लेख करील. परंतु ज्यांचे अर्धे आयुष्य या शहरात गेले आहे, अशा आम्हां मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे सुरत म्हटले की कोणीतरी काहीतरी ओढीत आहे, हेच चित्र उभे राहते. रिंग रोडवरील कापडबाजारात साड्यांच्या गाठींचे डोंगर लादलेल्या हातगाड्या, त्यांच्यामधून वाट काढणारे ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखले जाणारे टेम्पो, आणि दिवाळीनंतर बारडोलीच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या घेऊन निघालेले ट्रॅक्टर हे दृश्य येथे नित्याचे आहे. त्या उसाला कोयता लावणारे हात बहुधा आपल्याच धुळे-नंदुरबारकडचे असतात, हेही ध्यानात ठेवावे.

ओझे कशावर लादावे आणि कोणाकडून ओढवावे, हा विचार या शहराला नवा नाही. तापीच्या मुखाशी गाळ साचत असल्यामुळे मोठी गलबते सुरतेच्या धक्क्यापर्यंत येत नसत. ती सुवाळीच्या किनाऱ्यावर थांबत, आणि तेथून माल बैलगाड्यांनी शहरात येई. १६६४ च्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला, तेव्हा सोने, रुपे, मोती असा वजनाला हलका नि मोलाला भारी ऐवज उचलला गेला. कापड व तांब्याची भांडी असला जड माल मागे राहिला, असे इतिहासकार सांगतात. शत्रूच्या मुलखातून घोड्यांच्या पाठीवरून काय सुखरूप नेता येईल, याचा हिशेब त्यामागे होता. न्यावयाचे काय आणि नेणार कशाने, हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात, हा धडा आपल्याच इतिहासात सुरतेच्या नावावर नोंदलेला आहे.

हा धडा आज आठवण्याचे कारण गणेशोत्सव. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून आलेली कुटुंबे लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, उधना या भागांत पिढ्यान्पिढ्या स्थिरावली. त्यांनी आपल्याबरोबर अहिराणी आणली, कानबाई आणली, आणि सार्वजनिक गणपतीही रुजविला. आता गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय शेजारीही या उत्सवात तितक्याच उत्साहाने सामील होतात. पूर्वी विसर्जन तापीच्या ओवाऱ्यावर होई. (नदीच्या घाटाला येथे ‘ओवारा’ म्हणतात.) मूर्ती हातगाडीवर किंवा बैलगाडीवर मावत असे. पुढे नदीचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून तापीतील विसर्जन बंद झाले. महानगरपालिका ठिकठिकाणी कृत्रिम तलाव करते. लहान मूर्ती तेथे जातात, आणि मोठ्या मूर्ती समुद्राकडे, डुमस किंवा हाजिरा येथे न्याव्या लागतात. निर्णय योग्यच आहे. परंतु त्यामुळे प्रवासाचे स्वरूप पालटले. लिंबायतहून हाजिरा म्हणजे वीस किलोमीटरांहून अधिक अंतर. त्यात भर अशी की, सुरत हे आता पुलांचे शहर झाले आहे. १८७७ साली तापीवर होप पूल झाला, तेव्हा तो एक नवलाचा विषय होता; आज नदीवर आणि रस्त्यांवर मिळून इतके पूल आहेत की गणपतीला समुद्रापर्यंत जाताना कित्येकदा चढावे आणि कित्येकदा उतरावे लागते. आमच्या मते या प्रवासात खरा कस लागतो तो चढावर नव्हे, उतारावर.

आमच्या वस्तीतील एका मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला. मंडळातील बरेचसे तरुण कधीकाळी आमच्याच वर्गात बसलेले. त्यामुळे अशा बैठकीस आम्हांलाही बोलावणे येते. मूर्ती ट्रेलरवर न्यावयाची हे ठरले होते. ओढणार कोण, एवढेच ठरावयाचे होते. एका तरुणाने आपली रोजच्या वापरातील डिझेलची दणकट, जीपच्या जातीची गाडी देऊ केली.

“सर, चिखलात रुतलेला टेम्पो आमच्या गाडीने ओढून काढला होता. गणपती तर सहज ओढेल,” तो म्हणाला.

कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारी वस्ती आबा म्हणते, आणि ज्यांनी उमेदीच्या काळी उसाच्या बैलगाड्या हाकल्या आहेत, ते शांतपणे उत्तरले, “भाऊ, ओढेल रे. पण उताराला तिला आवरेल कोण?”

आबांच्या या एका प्रश्नात सगळे शास्त्र सामावलेले आहे. रुतलेले वाहन ओढून काढणे हा क्षणभराच्या जोराचा खेळ. मागे जड ट्रेलर घेऊन भर रस्त्याने जाणे ही तासन्‌तासांची जबाबदारी. इंजिनाची ताकद ओढण्यास पुरते; थांबविण्यास ब्रेक, चाकांची पकड आणि पुढील वाहनाचे स्वतःचे वजन लागते. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल, तर मागचे सारे ओझे पुढच्या वाहनाला ढकलू लागते. वाहन हलके असेल, तर त्याची मागील चाके बाजूला सरकतात, आणि वाहन व ट्रेलर अडकित्त्याच्या दोन पात्यांप्रमाणे एकमेकांवर मिटतात. काही वर्षांपूर्वी एका पुलाच्या उतारावर असा प्रसंग आम्ही पाहिला आहे. कठड्याला घासून ट्रेलर थांबला, म्हणून कोणाला इजा झाली नाही. परंतु त्या ट्रेलरवर दहाबारा मुले बसलेली होती, आणि त्यांतली काही आमच्या ओळखीची होती.

बैठकीतच फळ्यावर हिशेब मांडला. रिकामा ट्रेलर सुमारे १० क्विंटल. मूर्ती, चौथरा आणि मखर मिळून मूर्तिकाराच्या अंदाजाने ८ क्विंटल. जनरेटर व ध्वनिवर्धक ५ क्विंटल. आणि वर चढून बसणारी २५ माणसे, प्रत्येकी सरासरी ६० किलो धरली तरी १५ क्विंटल! एकूण ३८ क्विंटल. म्हणजे सर्वांत जड वस्तू गणपती नव्हेत, गणपतीचे भक्त! देऊ केलेली गाडी स्वतः सुमारे १६ क्विंटलांची. तिच्यामागे तिच्या दुपटीहून जड ओझे. विलायतेत सुट्टीसाठी चाकांवरचे घर मोटारीमागे जोडून नेण्याची रीत आहे. तेथे ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असूनही, नवख्याने ओढावयाचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा संकेत आहे. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोंपुढे जाऊ देत नाहीत. आमचे ३८ क्विंटल त्याच्या पाचपट भरले.

उताराचे गणितही सोपे आहे. तीस फूट पुढे गेल्यावर एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर वजनाचा तिसावा हिस्सा वाहनाला सतत पुढे ढकलीत असतो. ३८ क्विंटलांचा तिसावा हिस्सा म्हणजे सव्वाशे किलोंहून अधिक. हा धक्का उतार संपेपर्यंत सुटत नाही. दहास एक अशा तीव्र उतारावर, जसा जुन्या ओवाऱ्यांच्या वाटेवर असे, तोच धक्का ३८० किलोंचा होतो. वेगाचे म्हणाल, तर वेग दुप्पट झाला की थांबविण्यासाठी चौपट श्रम पडतात. म्हणून चालत्या माणसाच्या गतीने जाणारा ट्रेलर सुरक्षित असतो, आणि ‘उशीर झाला, जरा दामटा’ असे कोणी म्हटले की तोच धोक्याचा होतो.

मग ट्रॅक्टर का? शेतकऱ्याचे ते रोजचे वाहन, आणि ओढण्यासाठीच घडविलेले. त्याचे वजन या गाडीहून फार अधिक असते असे नाही. मध्यम ट्रॅक्टर २० क्विंटलांच्या आसपास भरतो. परंतु त्याचे गिअर अतिशय खालच्या गतीचे असतात, त्यामुळे उतारावर इंजिनच लगाम धरते. मागची मोठी चाके रस्ता पकडून ठेवतात, आणि ट्रेलर जोडण्याचा आकडा आसापेक्षा खाली, योग्य जागी असतो. तो वर, भलत्याच ठिकाणी जोडला, तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन तो चालकावरच उलटू शकतो. आणखी एक गोष्ट शहरी तरुणांना माहीत नसते. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे दोन निरनिराळे ब्रेक-पेडल असतात, कारण शेतात जागच्या जागी वळावे लागते. रस्त्यावर येताना ती दोन्ही पेडले खिट्टीने एकत्र जोडलीच पाहिजेत. नाहीतर एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उतारावर गिअर काढून मोकळे सोडणे म्हणजे बैलाचा कासरा सोडून देणे होय. डिझेलची बचत होते म्हणून असे करणारे चालक आहेत. अशांना गणपतीचा ट्रेलर सोपवू नये.

ओझे लादण्याचीही एक रीत आहे, आणि तिच्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे. गाडीच्या मागच्या अंगाला भार अधिक झाला आणि जू वर उचलले जाऊ लागले, की गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणतात. आबांनी हा शब्द उच्चारला, तेव्हा तरुणांपैकी एकालाही तो ठाऊक नव्हता. उलाळ झालेली बैलगाडी बैलांच्या मानेला गळफास लावते. उलाळ झालेला दुचाकी ट्रेलर पुढच्या वाहनाची मागील चाके हलकी करतो आणि वेगात सापासारखा डुलू लागतो. म्हणून भार आसाच्या किंचित पुढे असावा. पुढे फारच झाला, तर आकड्यावर नको इतका दाब येतो. मूर्ती उंच असेल तर गुरुत्वमध्यही उंच जातो, आणि वळणावर कलंडण्याची भीती वाढते. चौथरा जितका बसका, तितके बरे. आकड्याची खीळ निसटली तरी ट्रेलर सुटू नये, म्हणून वेगळी साखळी हवीच.

कायद्याची बाजूही विसरू नये. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते. मालवाहू ट्रेलर माणसे बसविण्यासाठी नाही. शेतीसाठी उतरविलेल्या विम्यातून मिरवणुकीतील अपघाताची भरपाई मिळेल, असे कोणी गृहीत धरू नये. आणि रोजच्या वापरातील मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिलेलीच नसेल, तर त्या मोटारीमागे ट्रेलर जोडू नये.

बैठकीचा निर्णय असा झाला. माणसांनी ट्रेलरवरून उतरावे. पुजारी आणि मूर्ती सांभाळणारा एक, एवढेच वर राहावेत. जनरेटर व ध्वनिवर्धक वेगळ्या टेम्पोत, ओढण्यासाठी नव्हे तर टेम्पोच्या स्वतःच्या पाठीवर. अशा रीतीने ३८ क्विंटलांचे २० क्विंटलांच्या आत आले. ब्रेक असलेली ट्रॉली त्या आठवड्यात मिळाली नाही. म्हणून ट्रॅक्टर घेतला, चालण्याच्या गतीने जाण्याचे ठरविले, आणि दोन धट्टेकट्टे स्वयंसेवक लाकडी ठोकळे घेऊन मागच्या चाकांशेजारून चालावेत असे केले. चालक शेतीवरचा जुना माणूस. त्या दिवशी त्याच्या जागी दुसऱ्या कोणी बसावयाचे नाही, आणि त्याच्या हाती चहावाचून दुसरे पेय द्यावयाचे नाही, हेही नोंदवहीत लिहिले. ज्याने आपली गाडी देऊ केली होती, तो प्रथम हिरमुसला. मग त्याने ती लहान मुलांना आणि वृद्धांना नेण्यासाठी दिली. त्या गाडीचा तोच उत्तम उपयोग होता.

हाजिऱ्याच्या वाटेवर याच विचाराचे एक विराट रूप पाहावयास मिळते. तेथील लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात तेलशुद्धीकरणासाठी लागणारी अजस्र पात्रे तयार होतात. फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय अणुसंमीलन प्रकल्पाचे ३,८५० टनांचे महापात्र येथेच घडले. तुकड्यातुकड्यांनी ते जहाजावर चढले, आणि शेवटचा भाग २०२० साली रवाना झाला. असली ओझी ज्या ट्रेलरांवरून हलतात, त्यांना चाकांच्या रांगाच्या रांगा असतात, आणि त्यांची चाल मुंगीची असते. जगातील अत्यंत जड वस्तू वाहून नेणारे अभियंतेदेखील ओझे विभागतात, चाके वाढवितात आणि घाई करीत नाहीत. मग गल्लीतील मंडळाने तसे करण्यात कमीपणा तो कसला?

आमची मिरवणूक त्या वर्षी हाजिऱ्याला पोहोचली, तेव्हा रात्र बरीच झाली होती. इतर मंडळांचे गणपती आमच्या पुढे निघून गेले होते. क्रेनने मूर्ती पाण्यात उतरविताना मुले किनाऱ्यावर, आपापल्या आईबापांच्या शेजारी उभी होती, आणि मोजून पाहता सगळी होती. आपल्या वाचकांपैकी इंदूर, बडोदे, हैदराबाद, जेथे कोठे कोणी मंडळ चालवीत असेल, त्यांनी यंदा वर्गणीचा हिशेब मांडताना वजनाचाही मांडावा. मूर्ती किती फुटांची, हे सर्वजण विचारतात. ती किती क्विंटलांची, आणि तिला आवरणार कोण, हेही कोणीतरी विचारलेच पाहिजे.