उतरायचं कुठून?

हरिश्चंद्रगडाला कुठून जाऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, "उतरणार कुठून?" बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो. चढायची वाट ठरलेली असते, कोकणकड्यावरचा सूर्यास्त ठरलेला असतो, देवळापाशी तंबू कुठे ठोकायचे तेही ठरलेलं असतं. उतरायचं तेवढं 'येऊ की आलो तसे' यावर सोडलेलं असतं. माणसं घेऊन डोंगरात जायला लागल्यापासून माझं मत पक्कं होत गेलं आहे की वाट निवडायची ती उतरण्यापासून. चढताना सकाळ असते, बाटल्या भरलेल्या असतात, हाताची पकड नाकासमोर दिसते. उतरताना गुडघे बोलायला लागलेले असतात, पाणी तळाला गेलेलं असतं, आणि पाय कुठे टाकतोय ते आपल्याच पोटाआड जातं.

ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर हा १४२४ मीटर उंचीचा गड उभा आहे. त्याच्या वाटा इतक्या वेगवेगळ्या का, ते कळायला त्याचा दगड समजून घ्यावा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. त्यातला घट्ट थर कडा होऊन उभा राहतो, ठिसूळ थर झिजून उतार होतो आणि त्यावर माती धरते, कारवी माजते. म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. आधी कातळ, मग पदर, पुन्हा कातळ. चढायला फट मिळते ती दोनच ठिकाणी. एक तर डोंगराची सोंड जिथे हळूहळू खाली उतरत जाते तिथे, नाहीतर पाण्यानं कडा कापून जिथे नाळ पाडली आहे तिथे. सोंडेवर वारा आणि ऊन असतं, पण आपण कुठे आहोत ते दिसतं. नाळेत सावली असते, आणि वरून सुटलेला प्रत्येक दगड त्याच एका रस्त्यानं खाली येतो.

पाचनई घाटमाथ्यावरचं गाव, त्यामुळे बरीचशी उंची तिथे पोचेपर्यंत गाडीनंच घेतलेली असते. वाट कातळाच्या पोटाखालून जाते आणि मग मंगळगंगेच्या सोबतीनं थेट देवळाकडे निघते. तिला 'सोपी' म्हणून नाक मुरडणारे ट्रेकर मला नेहमी भेटतात. मला ती वाट फार आवडते. दुपारच्या आत वर पोचलं, तर हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाचं कोरीवकाम बघायला, केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरून पिंडीला फेरी मारायला, तारामतीवर जायला अंगात जीव उरलेला असतो. दमून आलेला माणूस ही ठिकाणं नुसती उरकतो.

खिरेश्वरची वाट लांब. पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी मागे टाकून टोलार खिंडीत यायचं, तिथल्या वाघोबाला हात जोडायचे आणि कातळटप्पा चढायचा. आता तिथे रेलिंग आहे, त्यामुळे लोकांचं सगळं भय त्या कातळाभोवतीच फिरतं. माझी काळजी तिथून पुढे सुरू होते. वर बालेकिल्ल्याला वळसा घालत वाट टेकड्यांवरून चढउतार करत राहते, आणि श्रावणातल्या धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. घसरण्याची भीती संपलेली असते, सगळे गप्पा मारत चालत असतात, आणि नेमकं इथेच चुकतात. कातळावर माणूस आपोआप सावध होतो, सपाटीवर त्याला सावध करावं लागतं. म्हणून खिरेश्वरनं जाताना माझा सर्वांत भरवशाचा माणूस शेवटी चालतो आणि पुढचा दर वळणावर मागच्यासाठी थांबतो.

आणि नळीची वाट. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून, कोकणकड्याच्या पायापासून हजार मीटरहून जास्त चढ, मोठमोठ्या धोंड्यांमधून. वाटेत मान वर केली की कड्याची ती अर्धगोल भिंत दिसते. सह्याद्रीतलं याहून भारी दृश्य मी पाहिलेलं नाही. इथे वेळेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता. पाच किलोमीटरला एक तास, आणि सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. पायवाटेवर तो अजूनही कामाला येतो. नळीत दोर लावून एकेकाला वर घ्यावं लागतं. एका पॅचवर माणशी आठ मिनिटं धरली तर पंधरा जणांचे दोन तास एकाच जागी जातात. तिथे अंतर मोजून उपयोग नाही, माणसं मोजावी लागतात. शिवाय नाळेचं तोंड पश्चिमेकडे आहे. सकाळी गारवा, आणि दुपारनंतर कातळ तापायला लागतो. उजाडताना बेलपाडा सोडला नसेल तर मी गटाला पाचनईचा पर्याय देतो, लोक कितीही हिरमुसले तरी.

या नाळेनं उतरायचं मात्र मी टाळतोच. घसाऱ्यावर पाय टिकत नाही, आणि मागच्यानं सोडलेला दगड पुढच्याच्या डोक्यावर जातो. बेलपाड्याला परतायचं असेल तर जाणती मंडळी साधले घाटानं उतरतात.

नकाशा मी बघतोच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी नकाशात वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा असतात. त्या कुठे दाटल्या आणि कुठे विरळ झाल्या ते बघितलं की चढाचा अंदाज येतो. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' आमच्या अनेकांच्या घरी पानं सुटेपर्यंत वापरलं गेलं आहे. आता फोनवर कुणीतरी टाकलेला ट्रॅकही मिळतो. पण ट्रॅक टाकणारा कोणत्या महिन्यात गेला होता, ते बघितल्याशिवाय त्याच्यामागे जाऊ नये. पावसानंतर दरड आलेली असते, कारवी वाढून वाट बुजलेली असते.

त्याची खबर गावातच मिळते, फक्त नीट विचारावं लागतं. "मामा, किती वेळ लागेल?" या प्रश्नाला त्यांच्या पायांचं उत्तर मिळतं, आणि ते पाय आपले नसतात. मी विचारतो, "मामा, या वाटेनं गुरं जातात का? तुम्ही शेवटचे कधी गेला होता?" गुरं जात असतील तर वाट मळलेली असणार. आणि "दिवाळीपासनं तिकडं कोनी गेलं नाय बघा," असं कानावर आलं की पुढचं ठरवणं सोपं जातं. कड्याला आग्या मोहोळं लागली आहेत का, तेही तिथेच कळतं. अशा दिवशी अंगावर अत्तर नको आणि कड्याखाली धूर तर मुळीच नको.

वाट ठरवायची ती गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाकडे बघून. त्याला तसं जाणवू न देता. त्याचा चेहरा दुसऱ्या तासाला कसा असेल, हे ज्याला आधी दिसतं तो चांगला म्होरक्या.

पहिल्यांदाच जाणार असाल तर पाचनईनं चढा आणि पाचनईनंच उतरा. ओढ्यांना जोर असेल तर पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबा. दुसऱ्या खेपेला खिरेश्वर करा, धुकं नसताना. नळीची वाट पावसाळा संपून धोंडे पूर्ण वाळल्यावर, दोर आणि हेल्मेट घेऊन, बेलपाड्यातला वाटाड्या सोबत असेल तरच. जून ते सप्टेंबर त्या नाळेत पाऊल टाकू नका.